हे नाव मला माहीत नाही

जिनिव्हा
११ फेब्रुवारी १९६१

प्रिय दावी,

पोचलो. आधी दोन पत्रं लिहून फाडली, कारण दोन्हींत थंडीशिवाय काहीच नव्हतं. इथे थोरल्या बहिणीला 'दावी' म्हणणारा मी एकटाच, आणि हाकेला ओ द्यायला तू नाहीस. म्हणून कागदावरच हाक मारतो.

परवा आपल्या वकिलातीवर झेंडा चढला. वकिलात म्हणजे एका दातांच्या डॉक्टराच्या दवाखान्यावरच्या खोल्या. राजधानीहून आलेल्या झेंड्याला दोरी ओवायला भोकंच नव्हती. खाली पाहुणे ताटकळलेले, आमचे राजदूत एवढ्या थंडीत घामाघूम. मी सुईदोरा मागून घेतला आणि काठाला गाठी मारल्या, भावोजींनी मला रापणीच्या जाळ्याला मारायला शिकवल्या तशा. झेंडा वर गेला. वारा जोराचा होता, पण एकही गाठ सुटली नाही. मला रडू आलं, दावी. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं असं सगळ्यांना सांगितलं.

जेवणाच्या वेळी शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमचा देश कुठे आला? मी म्हटलं, पश्चिम आफ्रिकेत. त्या म्हणाल्या, तिकडे सिंह फार असतील नाही? मी म्हटलं, आमच्या गावाला एका अंगाला समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची पट्टी. सिंह आला तर त्याला उभं राहायलाही जागा नाही. हसल्या बिचाऱ्या. हे काम मला जमेल असं वाटतं. समोरच्याला न दुखावता खरं सांगायचं, एवढंच तर आहे.

तुझा,
दोत्से


त्सिकोपे
२ एप्रिल १९६१

दोत्से,

तुझं पत्र मास्तरांनी अंगणात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि झेंड्याच्या गाठींचा मजकूर गाळून पुढे गेले. गावातला पहिला साहेब हातात सुई घेतो, हे त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. मी पत्र ओढून घेतलं आणि तेवढंच मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून माझा नवरा रापण ओढताना कुणाला बोलू देत नाही. म्हणतो, देशाचा झेंडा माझ्या गाठीवर उभा आहे, माझ्याशी नीट बोला.

आता खरी बातमी. मुलगा झाला. नाव केकेली ठेवलंय. नावच उजेड, तेव्हा उजेड पाडला तर बरं. कपाळ थेट तुझं. सासूबाई म्हणाल्या, मामाचं कपाळ घेतलंय तर डोकंही मामाचंच येऊ दे. मी म्हटलं, डोकं चालेल, जीभ नको. फार गोड आहे ती.

समुद्र मिशनच्या शाळेची मागची भिंत घेऊन गेला. मुलं आता लाटा मोजत पाढे म्हणतात.

अक्पेने


जिनिव्हा
२० सप्टेंबर १९८१

प्रिय दावी,

केकेली शुक्रवारी निघतोय. भावोजींना समुद्रानं नेलं त्या वर्षी तू त्याला माझ्या हवाली केलंस, तेव्हा तो माझ्या कोटाची बाही सोडत नव्हता. आता माझ्याहून उंच झालाय आणि माझ्याच घरात बसून माझ्याशी भांडतो. तुम्ही मोठी माणसं गुळगुळीत दगडासारखी झालात, म्हणतो, हातातून निसटता. मला बायकामुलं नाहीत. तो गेला की या घरात भांडायला कुणी उरणार नाही.

त्याला इथेच राहून शिकायचं होतं. मीच म्हटलं, घरी जा, आपल्या विद्यापीठात शिक, आपल्या लोकांत राहा. ज्या देशाच्या नावानं मी बोलतो तो देश या मुलानं लहानपणानंतर फक्त सुट्टीत पाहिलाय. तू मला दोष देऊ नकोस. मला माहीत आहे, तू आनंदानं रडशील.

माझं म्हणशील तर आता मी राजदूत आहे. दातांच्या डॉक्टराच्या डोक्यावर नव्हे, स्वतंत्र घरात. किनाऱ्यावर येऊन मासे ओरबाडून नेणाऱ्या परक्या बोटींबद्दलचा करार गेल्या महिन्यात झाला. सात वर्षं बोलत होतो. शेवटच्या बैठकीत समोरचा गृहस्थ कंटाळून म्हणाला, तुम्ही कधी आवाज का चढवत नाही हो? मी म्हटलं, माझी बहीण मासेवाली आहे, आवाज आमच्याकडे तिचा. हे खरंच बोललो, शपथ.

दोत्से


त्सिकोपे
१९ नोव्हेंबर १९८४

दोत्से,

हे पत्र आमेयोच्या टोपलीत, माशांच्या तळाशी ठेवून पाठवतेय. ती सरहद्दीपलीकडच्या बाजारात जाते, तिथून टपालात टाकेल. तूही उत्तर तिथल्याच पत्त्यावर पाठव. वास आला तर नाक धरून वाच.

कर्नल आणि त्याच्या सैनिकांनी राज्य घेतल्याला वर्ष होत आलं. तुझी खुर्ची तशीच राहिली तेव्हा गावानं सुटकेचा निःश्वास टाकला होता. सैनिकांनाही बाहेर बोलायला गोड जिभेचा माणूस लागतो, असं आम्ही म्हणायचो.

केकेलीला नेलं. विद्यापीठ बंद केलं म्हणून पोरं रस्त्यावर आली होती. हा पायऱ्यांवर उभा राहून बोलला. काय बोलला ते मला त्याच्या मित्रांनी सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग तो घरी आला. मला वाटलं, घर म्हणजे घर. मी धुरीच्या भट्टीत मासे लावत होते, तो लाकडं फोडत होता, अंगात सदरा नव्हता. गाडी आली. तो म्हणाला, आई, मासे जळतील, तिकडे बघ. मी बघितलं नाही. त्यांनी त्याला उघड्या अंगानंच गाडीत घातलं.

राजधानीच्या जुन्या किल्ल्यात ठेवलंय म्हणतात. तू आहेस म्हणून मला फार भीती वाटत नाही. तू बोल.

अक्पेने


जिनिव्हा
६ डिसेंबर १९८४

प्रिय दावी,

पत्र मिळताच झिकुनूला फोन केला. आठवतो ना, माझ्या वर्गात होता, तुझ्या हातचं भेंडीचं कालवण दोनदा वाढून घ्यायचा तो? आता परराष्ट्रखात्यात सगळं त्याच्याच हातून चालतं. म्हणाला, पोरगा सुखरूप आहे, चार दिवस धाक दाखवून सोडतील.

माझं एक ऐक. विद्यापीठातल्यांबरोबर मोर्चाला जाऊ नकोस, परदेशी बातमीदारांशी बोलू नकोस. सैनिकांची मान वाकवायची तर लोकांदेखत नाही वाकवायची, दावी. बंद दाराआड त्यांना वाट काढून द्यावी लागते. आयुष्यभर मी हेच केलं. माझ्यावर सोड.

थंडीत त्याला खोकला व्हायचा. किल्ल्यात दमट असतं. एक पांघरूण पोचव.

दोत्से


त्सिकोपे
४ फेब्रुवारी १९८५

दोत्से,

चार दिवस अजून संपले नाहीत.

मी दर बुधवारी किल्ल्यावर जाते. दाराशी बायकांची रांग असते, कुणाचा नवरा आत, कुणाचा भाऊ. भेटू देत नाहीत. पहारेकरी डबा घेतो, दुपारी रिकामा परत देतो. मक्याच्या पिठाचं आक्पले घोटून नेते, वर मिरची आणि धुरावलेला मासा. पहिल्यांदा डबा परत आला तेव्हा मी तिथेच बसकण मारली, कारण रिकामा म्हणजे खाल्लं, आणि खाल्लं म्हणजे आहे. हल्ली डबा घासून येतो. घरी पोरानं कधी स्वतःचं ताट उचललं नाही. रांगेतल्या बायकांना सांगितलं, तुरुंगानं एवढं तरी शिकवलं. हसलो सगळ्या.

पांघरूण घेतलं, पण मिळालं की नाही ठाऊक नाही.

तुझं बंद दार मला कळत नाही. माझ्या समोरचंही दार बंदच आहे, आणि ते दर बुधवारी बघून मला एवढंच कळतं की आतला आवाज बाहेर येत नाही. तू मोठ्या सभागृहात बसतोस. तिथे त्याचं नाव घे. नाव घेतलेल्या माणसाला मारायला हात कचरतो, असं रांगेतली एक म्हातारी म्हणते. तिचा मुलगा तसा वाचला.

अक्पेने


जिनिव्हा
५ मार्च १९८५

प्रिय दावी,

पुढच्या आठवड्यात इथे मोठी बैठक आहे. आपल्या देशाबद्दल प्रश्न विचारले जातील आणि उत्तर मला द्यायचं आहे. रेडिओवर काही कानांवर आलं तर शब्दांवर जाऊ नकोस. असे शब्द कामापुरते असतात, उद्या त्यांना कुणी विचारत नाही.

यापेक्षा जास्त लिहीत नाही. ईस्टरला केकेली तुझ्या घरी जेवायला असेल. झिकुनूनं मला आईची शपथ घेऊन सांगितलंय. त्याच्यासाठी खेकडे आणून ठेव.

दोत्से


त्सिकोपे
१६ एप्रिल १९८५

दोत्से,

ईस्टर झाला. खेकडे आणले होते. त्यांच्या नांग्या बांधून टोपलीत ठेवले, दोन दिवस वाट पाहिली, मग खाडीत सोडून दिले.

तू रेडिओवर बोलणार हे मीच गावाला सांगितलं होतं. अंगणात बाकं मांडली. मास्तर आता आंधळे झालेत, त्यांना हाताला धरून पुढे बसवलं. परदेशी केंद्र लागलं. बातमीदारानं किल्ल्यातल्या मुलांची नावं घेतली आणि तिसरं नाव माझ्या मुलाचं होतं. आडनावासकट, गावासकट. अंगणात कुणीतरी टाळी वाजवली. मग सभागृहातला तुझा आवाज आला. स्वच्छ, सावकाश, तू लहानपणी चर्चमध्ये वाचायचास तसा. तू म्हणालास, अशा नावाची कुणीही व्यक्ती आमच्या ताब्यात नाही. सभागृहातल्या कुणीतरी पुन्हा विचारलं, केकेली नावाच्या विद्यार्थ्याबद्दल आपल्याला काहीच माहिती नाही? तू म्हणालास, हे नाव मला माहीत नाही.

बाकं ज्याची त्यानं उचलून नेली. मास्तर एकटे बसून राहिले, त्यांना घरी सोडायचं कुणाला सुचलं नाही. मीच सोडलं. वाटेत म्हणाले, त्याला बोलायला मी शिकवलं.

शब्दांवर जाऊ नकोस असं तू लिहिलंस. मग मी कशावर जाऊ?

बुधवारी किल्ल्यावर गेले. डबा घेतला, रिकामा परत दिला. म्हणजे तो आहे. तू नाही म्हणालास तरी आहे. मी जात राहीन.

अक्पेने


जिनिव्हा
२३ मे १९८५

दावी,

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. सौदा असा होता. सरकारला त्या बैठकीत नाचक्की नको होती. मी सभागृहात नाकारायचं आणि बदल्यात त्यांनी केकेलीला गुपचूप घरी सोडायचं. झिकुनूनं दिवसही सांगितला होता. मला वाटलं, एक खोटं बोलून पोरगा सुटत असेल तर मी शंभर बोलेन. बोलताना मला त्याचा चेहरा दिसत होता आणि मनात मी त्याला म्हणत होतो, थांब रे, थोडेच दिवस.

ईस्टरनंतर मी रोज फोन केला. गेल्या आठवड्यात झिकुनू कुठल्यातरी कामासाठी इथे आला. माझ्या घरी आला, कोट काढला नाही, बसला नाही. मी विचारलं, पोरगा कुठे आहे?

तो म्हणाला, "दोत्से, आता कसा सोडायचा? तो आमच्याकडे नाहीच, असं तू जगाला सांगितलंस. उद्या तो बाहेर येऊन बातमीदारांपुढे उभा राहिला तर खोटा कोण ठरेल? सरकार, आणि सरकारच्या वतीनं तू."

मी म्हटलं, "ते तुमच्याच सांगण्यावरून बोललो."

तो म्हणाला, "कागदावर कुठे आहे? आणि ऐक, कर्नलसाहेब तुझ्यावर फार खूश आहेत. इतकं सफाईनं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

मी त्याचा गळा धरायला हवा होता. मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो, दावी. सवय. पंचवीस वर्षांची सवय, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची.

अजून दोन ठिकाणी प्रयत्न करतोय. डबा रिकामा येतोय ना? मला दर बुधवारचं कळवत जा.

दोत्से


त्सिकोपे
३० जुलै १९८५

दोत्से,

या बुधवारी दाराशी नवा पहारेकरी होता. आपल्याकडचाच, बोलण्यावरून कळलं. मी नाव सांगितलं, डबा पुढे केला. त्यानं घेतला नाही. मला बाजूला, भिंतीच्या सावलीत नेलं. म्हणाला, "आई, आता आणत जाऊ नका."

मी म्हटलं, दुसरीकडे हलवलं का? त्यानं नकाराची मान हलवली. मी म्हटलं, मग डबा कोण खात होतं? तो म्हणाला, आधीचा जो होता त्याचं घर मोठं होतं, पोरं बरीच होती.

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, दोत्से. मी एकच विचारलं, कधी? रेडिओच्या आधी की नंतर? तेवढं मला सांग, म्हटलं. तो म्हणाला, मला माहीत नाही, माझ्या आधीची गोष्ट. इतर पहारेकऱ्यांनाही त्यानं विचारून पाहिलं. कुणी पावसाआधी म्हणतो, कुणी म्हणतो थंडीच्या वाऱ्यातच खोकल्यानं गेला, कुणी म्हणतो खोकल्यानं नाही.

म्हणजे तू बोललास तेव्हा तो असेल, आणि तुझं बोलणं त्याला भोवलं असेल. किंवा तो आधीच गेलेला असेल आणि त्यांनी मेलेल्या मुलाच्या बदल्यात तुझ्याकडून खोटं वदवून घेतलं असेल. दोन्हीतलं कुठलं, हे तुला कधी कळणार नाही. मलाही नाही. मी दोन्हींचा रोज आलटून पालटून विचार करून पाहते. एकही सोसवत नाही.

शव मागायला गेले. खिडकीतल्या कारकुनानं वही चाळून सांगितलं, या नावाचा कैदी इथे कधी नव्हता. तुझेच शब्द, फक्त आवाज तुझ्यासारखा चांगला नव्हता.

गावातले वडीलधारे म्हणतात, मेलेला कुणी पाहिला नाही, मेला असं सांगणारा कुणी जबाबदार माणूस नाही, तोवर दुखवटा बसवता येत नाही. म्हणून मला अजून रडायलाही परवानगी नाही. मी मासे लावते, उतरवते.

तुझ्याकडे एकच मागते. तो होता, आणि तो मेला, एवढं म्हण. जिथे नाही म्हणालास तिथेच म्हण.

अक्पेने


जिनिव्हा
१२ सप्टेंबर १९८५

दावी,

म्हटलं.

सभागृह अर्धं रिकामं होतं, जेवणाची वेळ झाली होती. मी सरकारी भाषण बाजूला ठेवलं आणि उभा राहून म्हणालो, मार्चमध्ये मी या जागेवरून खोटं बोललो. केकेली माझ्या बहिणीचा मुलगा. तो माझ्या घरात वाढला. त्याला घरी जा म्हणून मीच पाठवलं. तो आमच्या तुरुंगात होता आणि तिथेच मेला. एवढं बोलून मी खाली बसलो. अध्यक्षांनी माझे आभार मानले आणि पुढच्या देशाचं नाव पुकारलं.

दुसऱ्याच दिवशी घराची चावी मागून घेतली. आता स्टेशनामागे एका खोलीत आहे. झिकुनूनं वर्तमानपत्रांना सांगितलं की राजदूतांची प्रकृती बरेच दिवस ठीक नाही, डोक्यावर परिणाम आहे. माशांच्या करारावरची माझी सही मोठी करून वकिलातीत लावली होती, तीही उतरवली असं कळलं. इथले लोक भले आहेत. मला राहायची परवानगी देतील, कुठेतरी शिकवायला लावतील.

मला ते नको. मी येतो. सरहद्दीपलीकडून आमेयोच्या वाटेनं पायी येईन. मामाशिवाय भाच्याची माती होत नाही. मग काय करायचं ते करू देत माझं.

दोत्से


त्सिकोपे
८ नोव्हेंबर १९८५

दोत्से,

तुझं बोलणं ऐकलं. या वेळी मी कुणाला बोलावलं नव्हतं, पण घरोघरी लोकांनी आपापला रेडिओ लावला होता, आणि वाटेनं चालताना तुझा आवाज एका दारातून संपला की पुढच्या दारातून येत होता. मी पाण्याची घागर घेऊन तशीच चालत राहिले. संध्याकाळी वडीलधारे घरी आले. म्हणाले, सरकारच्याच माणसानं सांगितलं, आता हरकत नाही. तुझ्या शब्दावर दुखवटा बसला.

असं अवेळी, तुरुंगात मेलेलं माणूस आपण गावाच्या स्मशानात घेत नाही. वाळूच्या टोकाला, झुडपांपलीकडे खड्डा खणला. त्यात ठेवायला काही नव्हतं. नुसती वाळू काढली, नुसती वाळू टाकली. पुजारी-पाद्री कुणी आलं नाही, भ्यायले. मामा कोण, त्यानं पहिली मूठ टाकावी, असं वडीलधारे म्हणाले. मी पुढे झाले. बाईनं टाकायची नसते, कुणीतरी पुटपुटलं. मी मागे वळून बघितलं आणि मूठ टाकली.

तिसऱ्या दिवशी सैनिक आले. तुझं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. माझ्या भट्ट्या फोडल्या, शेजारणींच्याही फोडल्या. मास्तरांना विचारत होते, दोत्से कुठे दडलाय. मास्तर म्हणाले, मला दिसत नाही, तुम्हीच शोधा. त्यांना ढकललं. मांडीचं हाड मोडलं, आता ते उठणार नाहीत. शेजारणी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पोटावर पाय आला आणि तो माझ्या घरातून आला.

सरहद्द बंद करताहेत. आमेयोची ही शेवटची फेरी. यानंतर पत्र येणार नाही, तुझं पोचणार नाही.

तू येऊ नकोस. मी तुला क्षमा केली म्हणून सांगत नाही. क्षमा शोधून पाहिली, माझ्याजवळ नाही. असती तर दिली असती, तू माझ्या पाठचा आहेस, तुला मी कडेवर वाढवलं. रागही शोधला. तोही पुरेसा नाही. तू आलास तर वाळूच्या पट्टीवरच तुला धरतील आणि त्याच किल्ल्यात नेतील. मग मला पुन्हा बुधवारी उठून डबा करावा लागेल, आणि माझ्याकडून तो होणार नाही. तुझ्यासाठी दाराशी उभी राहायला मी येणार नाही, दोत्से. हे तुला आधीच कळलेलं बरं.

तिथे राहा. शिकवायला सांगतील ते शिकव. मी मेले की कुणी कळवणार नाही, तेव्हा वाट बघू नकोस.

अक्पेने